इंजिन, मोटर आणि दुकानाचा ताळेबंद

कोल्हापूरच्या उद्यमनगरातील सुट्या भागांचे एखादे दुकान डोळ्यांपुढे आणावे. आजोबांनी ते ऑइल इंजिनाच्या लायनर-पिस्टनवर सुरू केले, वडिलांनी ट्रॅक्टर, जीप आणि रिक्षा यांच्या भागांवर वाढवले आणि आता बी.कॉम. झालेला मुलगा गल्ल्यावर बसू लागला आहे. सूर्यास्तापूर्वीचे जेवण उरकून घरातील मंडळी ओसरीवर बसली असता मुलगा विचारतो, "अण्णा, दिवाळीचा माल भरण्यापूर्वी एकदा विचार करू या. सगळ्या गाड्या विजेवर गेल्या, तर या पिस्टन-रिंगचं आपण काय करायचं?" अण्णा उत्तर देतात, "अरे, माझ्या लहानपणीही लोक म्हणत होते, आता इंजिन संपलं. दुकान अजून उभं आहे ना?"

अशी कुटुंबे कोल्हापुरात अनेक आहेत आणि हा संवाद त्यांतील पुष्कळ घरांत या ना त्या रूपाने होत असेल. दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. हायब्रीड आणि विजेवरील गाड्या जुन्या इंजिनाची जागा घेऊ शकतील काय, हा प्रश्न अन्यत्र कदाचित हौसेचा असेल. कोल्हापुरात तो पोटापाण्याचा आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहती ओतकामावर आणि यंत्रकामावर उभ्या आहेत. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात मिळून तीनशेच्या आसपास फाउंड्री आहेत आणि त्यांच्या ओतकामाचा मोठा भाग गाड्या, ट्रॅक्टर व इंजिने यांच्यासाठी असतो. त्यांना पिग आयर्न, स्क्रॅप, वाळू, कोक, रंग आणि हत्यारे पुरवणाऱ्या पेढ्या, तयार सुटे भाग विकणारी दुकाने आणि त्या सर्वांना उधारीवर माल देणारे व्यापारी या साखळीत बांधलेले आहेत. म्हणून या प्रश्नाचे उत्तर भावनेने न देता वही उघडून द्यावे, हे बरे.

कोल्हापूरने हे एकदा पाहिले आहे

इंजिनाची जागा विजेच्या मोटरीने घेण्याचा प्रसंग या भागाला नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हापासून दक्षिण महाराष्ट्रात यंत्रनिर्मितीचे वारे वाहू लागले. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. विसाव्या शतकाच्या मध्यास कोल्हापूरच्या कारागिरांनीही स्वतःच्या भट्ट्यांत ओतलेली ऑइल इंजिने बाजारात आणली. विहिरीवरची बैलांची मोट जाऊन तेथे इंजिन आले. तेच इंजिन गुऱ्हाळावर ऊस गाळू लागले आणि पिठाच्या गिरणीचे जाते फिरवू लागले.

पुढे गावोगावी वीज पोहोचली. डिझेलच्या तुलनेत वीज स्वस्त होती, मोटरीला देखभाल कमी लागे आणि ती कळ दाबताच सुरू होई. पाहता पाहता विहिरींवरील आणि नदीकाठावरील इंजिने निघाली व मोटरी बसल्या. अनेक विहिरींच्या काठी इंजिनाचा सिमेंटचा चौथरा आणि त्यातून वर आलेले बोल्ट तेवढे उरले.

या स्थित्यंतरातील दोन गोष्टी आजच्या प्रश्नासाठी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, भारनियमन असेपर्यंत पुष्कळ शेतकऱ्यांनी मोटर बसवूनही जुने इंजिन मोडीत काढले नाही. वीज असेल तेव्हा मोटर, नसेल तेव्हा इंजिन, असा दुहेरी संसार त्यांनी चालवला. हायब्रीड हा शब्द तेव्हा शिवारात कोणी ऐकला नव्हता, पण व्यवहार तोच होता. दुसरी गोष्ट अशी की, ऑइल इंजिनाची मागणी घटली म्हणून कोल्हापूरच्या भट्ट्या विझल्या नाहीत. ज्या हातांनी इंजिनाचे ब्लॉक ओतले, त्यांनी पुढे ट्रक, ट्रॅक्टर व मोटारगाड्यांचे भाग ओतले. मात्र ज्यांनी एकाच मालावर भांडवल गुंतवून ठेवले आणि बाजार वळला तरी स्वतः वळले नाहीत, त्यांचे फलक हळूहळू उतरले. तंत्र बदलले म्हणून सर्वच बुडाले नाहीत आणि सर्वच तरलेही नाहीत. फरक पडला तो वेळेवर वळण्याचा.

तीन प्रकारची वाहने

चर्चेत अनेकदा हायब्रीड आणि विजेवरील गाडी यांची गल्लत होते. म्हणून त्यांचे स्वरूप स्पष्ट असावे.

पेट्रोल वा डिझेलचे इंजिन सिलिंडरमध्ये इंधन जाळते, पिस्टन ढकलते आणि त्यातून चाक फिरते. इंधनातील उष्णतेपैकी साधारण पाव हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक भाग चाकापर्यंत पोहोचतो. उरलेली उष्णता रेडिएटर आणि धुराड्यातून निघून जाते. विजेची मोटर बॅटरीतील ऊर्जेचा बहुतांश भाग चाकाला देते. शिवाय ब्रेक लावताना किंवा घाट उतरताना तीच मोटर जनित्रासारखी फिरून थोडी वीज परत बॅटरीत भरते. आंबा घाट किंवा गगनबावड्याचा घाट उतरताना याचा प्रत्यय येतो.

हायब्रीड गाडीत इंजिन आणि मोटर दोन्ही असतात. जपानमध्ये १९९७ च्या डिसेंबरात टोयोटाने प्रियस ही गाडी विक्रीस आणली, तेव्हापासून हा प्रकार जगात रुळला. या गाडीला बाहेरून वीज भरावी लागत नाही. संथ गर्दीत मोटर काम करते, वेगात इंजिन, आणि ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती छोट्या बॅटरीत साठते. भारतात २०२२ मध्ये मारुती ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा हायरायडर या गाड्यांमुळे हा प्रकार मध्यमवर्गाच्या आटोक्यात येऊ लागला. येथे एक सावधानता हवी. 'माइल्ड हायब्रीड' म्हणून विकल्या जाणाऱ्या गाडीतील लहान मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते आणि इंधनाची बचत माफक होते. 'स्ट्राँग हायब्रीड' काही अंतर निव्वळ मोटरीवर धावू शकते. दोहोंच्या किमतीत आणि बचतीत मोठे अंतर असल्याने विक्रेत्याला हा प्रश्न आधी विचारावा.

विजेवरील गाडीही मुळात नवी नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत पेट्रोल, वाफ आणि वीज या तिन्ही प्रकारच्या गाड्या रस्त्यावर होत्या. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत विजेवर चालणारा स्टार्टर आला, हँडल मारून इंजिन सुरू करण्याचा त्रास संपला आणि पेट्रोल गाडी घराघरांत शिरली. एका लहानशा विजेच्या मोटरीनेच विजेच्या गाडीला शंभर वर्षे मागे ढकलले. भारतात बंगळूरुची रेवा ही छोटी गाडी २००१ मध्ये आली, पण विजेवरील गाडीकडे सर्वसामान्य ग्राहकाचे लक्ष गेले ते २०२० च्या आरंभी आलेल्या टाटा नेक्सॉनमुळे. त्याच महिन्यात बजाजने चेतक स्कूटर विजेवर आणली, ही बाबही सूचक आहे. ज्या नावावर एका पिढीने पेट्रोलचे संसार केले, ते नाव आता चार्जरला जोडले गेले.

बदल कोठून येतो आहे

सर्व वाहने एकाच वेळी बदलत नाहीत, हे आकड्यांवरून स्वच्छ दिसते. देशात २०२४-२५ या वर्षी नव्याने नोंदल्या गेलेल्या तीनचाकी वाहनांपैकी निम्म्याहून अधिक विजेवरील होती. दुचाकींत हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास आणि मोटारगाड्यांत अडीच टक्क्यांच्या आसपास होते. अवजड ट्रक आणि ट्रॅक्टर यांत ते अद्याप नगण्य आहे. याउलट नॉर्वेसारख्या देशात २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के पूर्णपणे विजेवरील होत्या, आणि चीनमध्ये नव्या मोटारींपैकी जवळजवळ निम्म्या विजेवर चालणाऱ्या किंवा बाहेरून चार्ज होणाऱ्या हायब्रीड होत्या. नॉर्वेत वीज मुख्यतः जलविद्युत आहे आणि पेट्रोल गाडीवर जबर कर आहे. चीनमध्ये बॅटरीचा उद्योगच घरचा आहे. त्यामुळे तेथील वेग येथे जसाच्या तसा येईल, असे मानणे योग्य नव्हे.

तीनचाकी आघाडीवर का, याचे कारण हिशेबात आहे. माल पोहोचवणारा टेम्पो रोज ठरावीक वाटेने धावतो आणि रात्री दुकानाच्या दारी परत येतो. तो रोज ६० किलोमीटर व वर्षाला ३०० दिवस फिरला, तर १८,००० किलोमीटर होतात. डिझेलचा दर लिटरला ९२ रुपये आणि लिटरमागे २५ किलोमीटर धरल्यास किलोमीटरला सुमारे ३ रुपये ७० पैसे पडतात. विजेचा दर युनिटला १२ रुपये व युनिटमागे १० किलोमीटर धरल्यास १ रुपया २० पैसे. अडीच रुपयांच्या फरकाने वर्षाला ४५,००० रुपये वाचतात. लक्ष्मीपुरीतून धान्य किंवा गांधीनगरातून कापड गावात पोहोचवणाऱ्या व्यापाऱ्यासाठी इंजिनाची जागा मोटर घेईल काय, हा प्रश्न जवळपास निकाली निघाला आहे.

लांब पल्ल्याच्या सार्वजनिक वाहतुकीतही आरंभ झाला आहे. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली होती. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, महामंडळाने त्याच मार्गावर 'शिवाई' ही विजेवरील बस सोडली. ठरलेला मार्ग, ठरलेले थांबे आणि ठरलेली विश्रांती असली की बॅटरी चालते, हाच धडा टेम्पोप्रमाणे बसनेही दिला.

घरच्या गाडीचे गणित

कुटुंबाच्या मोटारीचे गणित मात्र इतके सरळ नाही. पेट्रोलचा दर लिटरला १०५ रुपये आणि शहर-महामार्ग मिळून १५ किलोमीटर धरल्यास साध्या गाडीला किलोमीटरमागे ७ रुपये लागतात. स्ट्राँग हायब्रीडला २१ किलोमीटर धरल्यास ५ रुपये. विजेवरील गाडीला युनिटमागे ७ किलोमीटर आणि घरच्या विजेचा दर १२ रुपये धरल्यास सुमारे १ रुपया ७० पैसे. महामार्गावरील जलद चार्जरवर युनिटला २२ रुपये मोजल्यास हाच खर्च ३ रुपयांच्या थोडा वर जातो.

आता भांडवलाची बाजू पाहू. विजेवरील गाडी तशाच पेट्रोल गाडीपेक्षा ४ लाख रुपयांनी महाग पडली असे समजू. या जादा रकमेवर नऊ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याज ३६,००० रुपये होते. गाडी वर्षाला ८,००० किलोमीटर चालली, तर घरी चार्ज करून ४२,४०० रुपये वाचतात. व्याज वजा जाता हाती उरतात ६,४०० रुपये. तीच गाडी वर्षाला २०,००० किलोमीटर चालली, तर बचत १,०६,००० रुपये आणि व्याज वजा जाता ७०,००० रुपये. हायब्रीडसाठी अडीच लाख रुपये जादा मोजले, तर व्याज २२,५०० रुपये. ८,००० किलोमीटरला बचत केवळ १६,००० रुपये, म्हणजे व्याजही सुटत नाही. २०,००० किलोमीटरला मात्र ४०,००० रुपये वाचतात.

दर बदलतील, गाडीचे मॉडेल बदलेल, किमतीतील अंतरही कमी होत जाईल. पण कसोटी हीच राहील. गाडी किती किलोमीटर चालते, याची मागील तीन वर्षांची नोंद पाहिल्याशिवाय कोणती गाडी स्वस्त, हे सांगता येत नाही. घरापासून दुकानापर्यंत आणि रविवारी बाहुबली-कुंभोजपर्यंत जाणाऱ्या गाडीला महाग बॅटरी परवडतेच असे नाही. आठवड्यातून दोनदा पुणे-बेळगाव करणाऱ्या व्यापाऱ्याला ती परवडू शकते, पण त्याने वाटेतील चार्जर आणि तेथे जाणारा वेळ मोजला पाहिजे. वर्षातून एकदा सहकुटुंब श्रवणबेळगोळला जायचे असेल, तर त्या एका प्रवासासाठी वर्षभराचा निर्णय बांधून घेण्यापेक्षा तेवढ्यापुरती गाडी भाड्याने घेणे अधिक शहाणपणाचे.

बॅटरीविषयीची भीतीही मोजून घ्यावी. बहुतेक कंपन्या बॅटरीवर आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर अशी हमी देतात. बॅटरी एका दिवशी मरत नाही, तिची क्षमता हळूहळू घटते. त्यामुळे जुनी गाडी विकत घेताना इंजिनाचा आवाज ऐकण्याची जुनी पद्धत निरुपयोगी ठरेल आणि बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा दाखला पाहावा लागेल.

कराचा हिशेब

विजेवरील वाहनांवरील वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या बदलानुसार लहान पेट्रोल-डिझेल गाड्यांवर १८ टक्के आणि मोठ्या गाड्यांवर ४० टक्के कर आहे. हायब्रीडलाही आकारानुसार हेच दोन दर लागतात. म्हणजे सरकारच्या लेखी हायब्रीड अद्याप इंजिनाच्याच बाजूला मोजली जाते. लहान पेट्रोल गाडीचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने विजेवरील गाडीचा करलाभ पूर्वीपेक्षा कमी झाला आहे, हेही ध्यानात घ्यावे.

व्यापारी कुटुंबांत एक गैरसमज आढळतो. पेढीच्या नावावर मोटारगाडी घेतली की कराची वजावट मिळते, असे अनेकजण धरून चालतात. प्रवासी मोटारीवरील कराची वजावट, ती पेट्रोलची असो की विजेची, सामान्य व्यापाऱ्याला मिळत नाही. मालवाहू वाहनावर ती मिळते. म्हणून पेढीची पहिली विजेवरील गाडी टेम्पो असावा, यास आणखी एक कारण आहे. आयकर नियम १९६२ मध्ये साध्या मोटारीवर १५ टक्के घसारा होता, विजेवरील वाहनावर ४० टक्के. विजेवरील गाडीच्या कर्जावरील दीड लाखापर्यंतच्या व्याजाची वैयक्तिक सवलत मात्र ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. विक्रेत्याने ती आजही दाखवली, तर आपल्या सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय तो आकडा हिशेबात धरू नये.

धूर, ऊस आणि कोळसा

विजेवरील गाडी शहरात धूर सोडत नाही, हे निर्विवाद. पण भारतातील विजेपैकी सुमारे तीन चतुर्थांश वीज आजही कोळशापासून बनते. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण २.३ किलो कर्बवायू बाहेर पडतो आणि देशातील एका युनिट विजेमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास. वरील गाड्यांना हे माप लावल्यास साध्या गाडीचे किलोमीटरमागे सुमारे १५० ग्रॅम, हायब्रीडचे ११० ग्रॅम आणि विजेवरील गाडीचे १०० ग्रॅम येतात. आजच्या विजेवर हायब्रीड आणि विजेची गाडी यांत फार अंतर नाही. हे अंतर वाढते ते घराच्या छपरावर सौर पॅनेल असल्यास. एक किलोवॉटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने रोज चार युनिट वीज देते, म्हणजे तीन किलोवॉटवर रोज ऐंशी किलोमीटरांचा प्रवास निघू शकतो. केंद्राच्या फेब्रुवारी २०२४ मधील सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. गाडी घेण्याआधी छप्पर पाहणे, हा क्रम पुष्कळांना लाभदायक ठरेल.

कोल्हापूरपुरता आणखी एक मुद्दा आहे, आणि तो उसाचा. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे मूळचे २०३० चे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्येच गाठले. साखर कारखान्यांना आणि पर्यायाने ऊसकऱ्यांना यातून हक्काचे गिऱ्हाईक मिळाले. म्हणजे या जिल्ह्याचा शेतकरीही आता पेट्रोल इंजिनाचा भागीदार झाला आहे. इथेनॉलची ऊर्जा लिटरमागे पेट्रोलहून सुमारे एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे ग्राहकाला सरासरीत थोडा फटका बसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीत नितीन गडकरी यांच्या हस्ते इथेनॉलवर चालू शकणाऱ्या हायब्रीड इनोव्हाचे नमुना वाहन सादर झाले. ऊस, इंजिन आणि मोटर एकत्र नांदण्याची ही वाट यशस्वी झाली, तर कोल्हापूरसाठी ती अधिक सोयीची राहील.

इंधनाच्या परावलंबनाचा प्रश्न मात्र कोणत्याही बाजूने पूर्ण सुटत नाही. देश आपले बहुतांश कच्चे तेल बाहेरून आणतो. बॅटरीच्या सेलसाठी चीनवर मोठे अवलंबित्व आहे, आणि २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मूलद्रव्यांच्या चुंबकांवर निर्बंध घातले तेव्हा मोटरी बनवणाऱ्या भारतीय कंपन्यांची अडचण झाली. तेलाची चिंता जाऊन चुंबकाची आली, एवढाच फरक काही काळ राहील.

दुकान आणि भट्टी यांचा ताळेबंद

आता पुन्हा उद्यमनगरातील त्या दुकानाकडे वळावे. विजेवरील गाडीत पिस्टन, रिंग, लायनर, व्हॉल्व्ह, स्पार्क प्लग, ऑइल फिल्टर, सायलेन्सर आणि क्लच प्लेट नसतात. बेअरिंग, सस्पेन्शन, स्टिअरिंगचे भाग, ब्रेक, टायर, दिवे आणि वायपर राहतात. ब्रेकचे पॅड पूर्वीपेक्षा कमी झिजतात, तर बॅटरीच्या वजनामुळे टायरवर भार येतो. हायब्रीडमध्ये इंजिनाचे जवळपास सर्व भाग असतात. त्यामुळे पुढील काही वर्षे हायब्रीडचा खप वाढला, तर तो या दुकानाच्या विरोधात नाही.

शिवाय सुट्या भागांचा बाजार नव्या गाडीच्या मागे बराच काळ चालतो. आज विकली गेलेली पेट्रोल गाडी पंधरा वर्षे तरी फिल्टर आणि गॅस्केट मागणार. अण्णांच्या आत्मविश्वासाचा हा आधार खरा आहे. पण मागणी सर्वच खणांतून एकसारखी घटणार नाही. रिक्षाच्या इंजिनाचे भाग आधी मंदावतील, त्यानंतर स्कूटरचे, मग मोटारीचे. ट्रक आणि ट्रॅक्टरचे भाग सर्वांत शेवटी. म्हणून दुकानाची मालसूची या क्रमाने चार भागांत मांडावी आणि कोणता माल किती महिन्यांनी खपतो, हे दर सहामाहीस पाहावे. रिक्षाचा माल सहा महिने पडून राहू लागला, तर घाऊक सवलतीच्या मोहाने तो पुन्हा भरू नये. त्या मालावरील उधारीची मुदतही आखडती घ्यावी, कारण ज्या गॅरेजचे काम घटते, त्याची वसुली लांबते.

फाउंड्री आणि यंत्रकाम करणाऱ्या कुटुंबांसाठी कसोटी कर्जाच्या मुदतीची आहे. कर्जाची मुदत मालाच्या मागणीच्या आयुष्याहून मोठी असू नये, हे बँकेच्या व्यवहारातील जुने सूत्र येथे तंतोतंत लागू पडते. सात वर्षांच्या हप्त्यांवर घेतलेले यंत्र जर केवळ एकाच कंपनीच्या एकाच इंजिनाचा भाग करू शकत असेल, तर तो धोका आहे. तेच यंत्र पंपाचा, ब्रेकचा आणि शेतीच्या अवजाराचाही भाग करू शकत असेल, तर कर्ज सुरक्षित आहे. लोखंडाच्या जोडीला अ‍ॅल्युमिनियमचे ओतकाम शिकणाऱ्या कारखान्याला मोटरीचे कवच आणि बॅटरीची पेटी यांचे काम मिळू शकते. कागल-हातकणंगले वसाहतीतील सिनर्जी ग्रीन इंडस्ट्रीज ही फाउंड्री पवनचक्क्यांचे अवजड भाग ओतते. कोल्हापूरची भट्टी इंजिनाशिवायही पेटू शकते, याचे हे घरचेच उदाहरण होय.

जागा कोण घेणार

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर वाहनागणिक वेगळे आहे. गावातल्या गावात माल आणि माणसे नेणाऱ्या वाहनांत मोटरीने इंजिनाची जागा घेतली आहे, उरलेली काही वर्षांत जाईल. स्कूटर त्याच वाटेवर आहे. कुटुंबाच्या मोटारीत दीर्घकाळ तिन्ही प्रकार शेजारी-शेजारी चालतील आणि हायब्रीड त्यांतील दुवा राहील, जसे विहिरीवर मोटर आणि इंजिन काही काळ एकत्र राहिले. ऊस ओढणारा ट्रॅक्टर आणि घाट चढणारा ट्रक यांत इंजिनाचे राज्य अजून बराच काळ टिकेल.

ओसरीवरील त्या बापलेकांनी एकमेकांचे अर्धे-अर्धे म्हणणे जोडले, तर पूर्ण उत्तर तयार होते. दिवाळीचा माल भरावा, पण रिक्षाच्या खणात निम्मा भरावा. पेढीचा जुना डिझेल टेम्पो विकायचा झाल्यास नवा विजेवर घ्यावा. घरची पेट्रोल गाडी वर्षाला आठ हजार किलोमीटरच चालत असेल, तर ती आणखी चार वर्षे वापरावी आणि तो पैसा छपरावरील सौर संचात घालावा. मुलाने गल्ल्यावर बसण्याबरोबरच आठवड्यातून दोन दिवस विजेवरील वाहनांच्या दुरुस्तीचे काम जवळून पाहावे, कारण त्या दुकानात पुढची तीस वर्षे त्यालाच बसायचे आहे. आणि अण्णांनी त्याला ते दोन दिवस मोकळे द्यावेत. लायनर-पिस्टनच्या दुकानात ट्रॅक्टरचा माल आणण्याची मोकळीक त्यांनाही एकेकाळी त्यांच्या वडिलांनी दिली होती.